बॅटरी बंद केली की काहीच दिसत नाही: रात्रीच्या पाण्याला आणि गडवाटेला उजेड किती ठेवायचा

उसाला पाणी द्यायची पाळी रात्रीची लागली की आमच्या पलूस-वाळव्याच्या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: "चांगली हजार लुमेनची बॅटरी घेतली, तरी रात्रीचं काय दिसंना झालंय." (लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप.) साताऱ्याकडची मित्रमंडळी पहाटेच्या अंधारात जरंडेश्वर किंवा अजिंक्यतारा चढतात, त्यांचंही गाऱ्हाणं हेच. बॅटरी चालू असते तेव्हा पायापुढचा गोल लख्ख, गोलाबाहेर काळंकुट्ट. बंद केली की हातभर अंतरावरचा बांधसुद्धा दिसत नाही. मग माणूस आणखी मोठी बॅटरी आणतो आणि त्रास आणखी वाढतो.

बॅटरीत बिघाड नसतो. बहुतेकांच्या डोळ्यांतही दोष नसतो. उजेड गरजेच्या कितीतरी पट जास्त असतो. अंधारात पाहायची जी ताकद डोळ्यांत आपोआप तयार होत असते, ती त्या उजेडानं दर दोन-चार मिनिटांनी पुसली जाते, आणि ती परत यायला बराच वेळ लागतो. दरवर्षी हंगामात हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

डोळ्यांत नेमकं काय होतं

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी साधारण ६० लाख. रंग ओळखणं, अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं ही त्यांची कामं, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी साधारण १२ कोटी. त्यांना रंग कळत नाही, बारकावा कळत नाही, पण नुसत्या चांदण्यांच्या उजेडात बांध, वाट, झाडाचा आकार, पाण्याची चकाकी त्याच दाखवतात. सेलिग हेक्ट या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली दाखवून दिलं, की अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याला उजेडाचे अगदी मोजके कण पुरतात, बोटांवर मोजता येतील इतके.

दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि अ जीवनसत्त्व हा त्याचा कच्चा माल. प्रखर उजेड पडला की ते फिकं पडतं, अंधारात पुन्हा तयार होतं. हे भरून येणं फार संथ असतं. अंधारात गेल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत शंकुपेशी आपली मजल गाठतात. त्यानंतर दंडपेशी पुढं सरसावतात आणि नजर पूर्ण सरावायला एकूण ३० ते ४० मिनिटं जातात. याच हेक्टनं १९३७ साली मोजून ठेवलंय, की आधीचा उजेड जितका प्रखर आणि जितका जास्त वेळ, तितकी पुढची वाट लांब.

डोळ्याच्या बाहुलीचा यात वाटा आहे, पण लहान. २ मिलिमीटरची बाहुली तरुणपणी अंधारात ७-८ मिलिमीटर होते, म्हणजे आत येणारा उजेड फार तर पंधरा-सोळा पट वाढतो. हे काही सेकंदांत उरकतं. "दोन मिनिटं थांबलं की डोळा बसतो" असं लोक म्हणतात ते एवढ्यावरून. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आता थोडा हिशोब. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) आसपास उजेड पडतो, आणि तेवढ्यात आपण मोकळ्या रस्त्यानं निवांत चालतो. हजार लुमेनचा उजेड पायापुढं दोन मीटर व्यासाच्या गोलात पडला तर तिथं तीनशेहून जास्त लक्स होतात, म्हणजे पौर्णिमेच्या हजारपटीच्याही वर. त्याच गोलात फक्त पाच लुमेन टाकले तरी दीड लक्स होतो, पौर्णिमेच्या पाच-सहा पट. मेणबत्तीचा उजेड साधारण १२ लुमेन असतो हे लक्षात ठेवलं की खोक्यावरचे आकडे वाचताना चूक होत नाही. दुकानात ५०० आणि १००० लुमेनमध्ये फार फरक वाटत नाही, कारण डोळा उजेड पटीनं मोजतो. खालच्या बाजूला मात्र १ आणि १० लुमेनमध्ये रात्रीच्या शिवारात फार मोठं अंतर आहे. खरेदी करताना सगळे वरचा आकडा विचारतात. माझ्या मते खालचा आकडा विचारायला हवा: सगळ्यात मंद किती जाते?

"गोलाबाहेरचं काहीच दिसत नाही"

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. डोळा समोरच्या सगळ्यात उजळ गोष्टीला धरून बसतो. पायापुढचा ठिपका हजारपट उजळ असेल तर दहा पावलांवरचा बांध त्याच्या लेखी नसल्यात जमा.

उपाय दोन. पहिला, उजेड कमी करा. दुसरा, उजेड पसरवा. झूमवाल्या बॅटरीचं तोंड पुढं ओढून लांबचा झोत करायची सवय असते. पायापुरतं काम असताना तोंड पूर्ण मागं घ्या, म्हणजे ठिपका फुटून मोठा सौम्य गोल होतो. झूम नसेल तर काचेवर औषधाच्या दुकानात मिळणारी पांढरी कागदी चिकटपट्टी एक-दोन थर लावा. उजेड मंदही होतो आणि पसरतोही. मात्र पट्टी लावलेली बॅटरी फुलवर चालवू नका. जोरकस एलईडीची काच आणि तोंड चांगलंच तापतं, पट्टी करपते.

आपली पातळी शोधायची सोपी रीत अशी. चंद्र नसलेल्या रात्री, निदान पंधरा मिनिटं अंधारात काढल्यावर, ओळखीच्या बांधावर उभं राहा. सगळ्यात मंद उजेड लावा आणि दोन पावलांवरचं ढेकूळ नि वाळकं पान वेगळं ओळखू येईपर्यंतच वाढवा. मग बॅटरी बंद करा आणि मनात सावकाश अंक मोजा. वीसच्या आत समोरची झाडं आणि बांधाची कड परत दिसू लागली तर पातळी बरोबर. शंभर झाले तरी काळंच दिसत असेल तर उजेड अजून जास्त आहे.

उसाच्या सरीत: इथं घाई करून उजेड कमी करू नका

हा भाग सांगलीकरांनी नीट वाचावा.

दंडपेशींना बारकावा कळत नाही हे वर आलंच. पाचटावर बसलेली घोणस चांदण्यात दिसणार नाही, डोळे कितीही सरावले तरी नाही. तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके वाळक्या पाचटात मिसळून जातात आणि तो फरक ओळखायला शंकुपेशी लागतात, म्हणजे पुरेसा पांढरा उजेड लागतो. मण्यार तर रात्रीचीच फिरते. त्यामुळं सरीत, पाचटावर, गवताच्या बांधावर चालताना पायाशी उजेड कायम हवा. नजर राखायची म्हणून तिथं बॅटरी बंद करून चालणं चुकीचं आहे, मी कुणालाही तो सल्ला देणार नाही. गमबूट घाला, काठी पुढं आपटत चला.

पण पायाशी उजेड हवा म्हणजे शिवारभर उजेड हवा असं नाही. २० ते ५० लुमेनचा, पिवळसर छटेचा, पसरट उजेड गुडघ्याच्या उंचीवरून खाली पाडला तर दोन-तीन पावलांपर्यंत पानन् पान दिसतं. झोत वर उचलायचा नाही, उसाच्या पानांवर मारायचा नाही. ऊस पुरुषभर वाढला की दोन्ही बाजूंची पानं उजेड परत डोळ्यांवर फेकतात. हजार लुमेनवाल्याला उसात शिरल्यावर जास्त त्रास होतो तो यामुळंच.

आमच्याकडं दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला, दोघं असले की कामाची वाटणी ठरलेली असते. एक जण खोरं घेऊन सरीचं तोंड फोडतो नि बांधतो, दुसरा खालच्या टोकाला पाणी कुठवर आलं ते बघतो. चुलते वरच्या बाजूला असले की त्यांचा आवाज येतोच: "बॅटरी पायापाशी धर. वर उचललीस की माझं पण डोळं जात्यात." खालच्या टोकाला उभं राहिलं, बॅटरी बंद केली आणि पाच मिनिटं तशीच जाऊ दिली, की सरीतून सरकत येणारं पाणी आधी कानाला कळतं, मग त्याचं पुढचं टोक आभाळाच्या उजेडानं चकाकताना दिसतं. सरी मध्येच फुटली तर त्या जागी चकाकी आडवी पसरते. हे लांबून, बॅटरीशिवाय दिसतं. झोत मारला तर पुढच्या दोन-चार सरींचा चिखल तेवढा दिसतो आणि फुटलेली सरी शोधत सगळं रान तुडवावं लागतं. उभं राहायची ती जागा आधी उजेडात नीट बघून घेतलेली, मोकळी, गवत नसलेली हवी, आणि हलायच्या आधी पायाशी उजेड पुन्हा लावायचा.

डोळ्यांना सराव द्यायला वेगळा वेळ काढायची गरज नसते. मोटर चालू केल्यापासून पाणी पाटानं रानाच्या तोंडाला येईपर्यंत जो वेळ जातो, तोच वापरा. त्या वेळात बहुतेक जण मोबाईल काढतात, तेवढं टाळलं तरी निम्मं काम झालं.

"स्टार्टरपाशी जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून"

मोटर चालू-बंद करायच्या स्टार्टर पेटीवरचे फेजचे दिवे अंधारात चांगलेच डोळ्यांत जातात, आणि पेटी उघडून बघायची तर प्रखर पांढरा उजेड लागतोच. तिथं कंजुषी नको. लाल, पिवळी आणि निळी वायर नीट ओळखू आली पाहिजे. हात कोरडे असल्याशिवाय पेटीला हात लावू नका हे सांगायला नकोच.

इथं एका डोळ्याची युक्ती कामाला येते. प्रखर उजेडात जायच्या आधी एक डोळा घट्ट मिटा, हवं तर तळहातानं झाका. काम उघड्या डोळ्यानं करा. अंधारात परत आलात की मिटलेला डोळा उघडा. त्याचं ऱ्होडॉप्सिन शाबूत असतं, कारण प्रत्येक डोळ्याचं दृष्टिपटल आपापल्यापुरतं सरावतं. दोन डोळ्यांतला फरक इतका ठळक जाणवतो की पहिल्यांदा करणारा चकित होतो. फक्त एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून ही युक्ती उभ्या जागी करायची, चालताना नाही.

समोरून उसाचा ट्रॅक्टर दिवे लावून आला तरी हेच. थांबा, कडेला व्हा, एक डोळा मिटा, दुसऱ्यानं रस्त्याची डावी कड बघा. ट्रॅक्टर गेल्यावर लगेच चालू लागू नका. त्याच्या मागं दुसरी ट्रॉली असेल आणि तिला मागचा दिवा नसेल, तर ती दिसायला डोळे जाग्यावर आलेले हवेत.

"लाल उजेडाची हेडटॉर्च घेतली, तरी फरक पडला नाही"

लाल उजेडाचं इतकं नाव झालंय की लोकांना तो रामबाण वाटतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

दंडपेशी निळसर-हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त जाग्या असतात, ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास (उजेडाचा रंग या आकड्यात मोजतात; आकडा मोठा तितका रंग लालकडं). गडद लाल उजेडाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. दिवेलागणीला अंगणातली लाल जास्वंद आधी काळी पडते आणि तिची पानं बराच वेळ उजळ राहतात, ते यामुळं. म्हणून लाल उजेडात शंकुपेशी काम करतात आणि दंडपेशींचं ऱ्होडॉप्सिन बरंचसं टिकतं. दुसऱ्या महायुद्धात रात्री उड्डाण करणारे वैमानिक आधी उजेडाच्या खोलीत लाल चष्मे लावून बसत, ते याच कारणासाठी.

आता अडचणी. बाजारातल्या पुष्कळ लाल एलईडींचा रंग ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो पुरता गडद लाल नसतो. तो प्रखर लावला तर दंडपेशींवर परिणाम होतोच. लाल आहे म्हणून जोरात लावायचा, ही सगळ्यात मोठी गफलत. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची: लाल उजेडात रंगांमधला फरक जातो. लाल आणि पिवळी वायर सारखीच फिकट दिसते, निळी काळी दिसते. पायाला लागलेलं रक्त ओळखू येत नाही. तपकिरी-पिवळसर पाचटात तपकिरी ठिपके पुसट होतात, आणि घोणसीच्या बाबतीत हाच फरक जिवाशी येतो. त्यामुळं उसात लाल उजेडावर चालू नका.

लाल उजेड कुठं चांगला? एका जागी बसून आभाळ बघताना, नोंदवही वाचताना, मुक्कामाच्या जागी पिशवीतून काहीतरी शोधताना. चालायला त्यापेक्षा मंद पिवळसर पांढरा उजेड मला बरा वाटतो. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. निळसर पांढऱ्यात निळा भाग जास्त असतो आणि तोच दंडपेशींना झोंबतो. दोन्ही सारखेच उजळ वाटले तरी पिवळसर उजेडात नजर जास्त टिकते.

मंद करायला गेलं की आधी फुल लागते

आठवडी बाजारातल्या चार्जिंगच्या बॅटरीला एकच बटण असतं: पहिल्यांदा दाबलं की फुल, मग मंद, मग लुकलुक. मंदवर जायचं तर फुलमधून जावं लागतं, आणि बंद करायची तर लुकलुकमधून. म्हणजे बटण दाबताच अर्ध्या तासाची कमाई पणाला.

बटण दाबताना बॅटरीचं तोंड मांडीला किंवा तळहाताला टेकवा, मंदवर आल्यावरच उचला. सेकंद-दोन सेकंदापलीकडं टेकवून ठेवू नका, चटका बसतो. नवीन घेणार असाल तर तीन गोष्टी दुकानात तपासा: बटण लांब दाबलं की थेट सगळ्यात मंदवर लागते का, मागच्या वेळची पातळी लक्षात ठेवते का, आणि सगळ्यात मंद पातळी एक-दोन लुमेन किंवा त्याखाली आहे का. दुकान लख्ख असल्यामुळं मंद उजेड तिथं दिसतच नाही आणि बॅटरी खराब वाटते. टेबलाखाली सावलीत धरून बघा.

मंदवर चालवण्यात दुसराही फायदा आहे. १८६५० आकाराच्या, म्हणजे चार्जिंगच्या बॅटरीत बसणाऱ्या, चांगल्या सेलमध्ये साधारण १० वॉट-तास भरतात. वॉटला १०० लुमेन धरले तर हजार लुमेनला तासाभरात सेल संपतो. दहा लुमेनला हिशोबानं शंभर तास निघतात. त्यातले काही इकडंतिकडं गेले तरी रात्रभराच्या पाण्याला चार्जिंगची काळजी उरत नाही.

गडवाटेवर: गट असला की त्रास दुसऱ्याच्या बॅटरीचा

सज्जनगड, अजिंक्यतारा, जरंडेश्वर, कुठंही पहाटे अंधारात निघा, गटात एक तरी जण असा असतो जो बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघतो आणि डोक्यावरची बॅटरी थेट त्याच्या डोळ्यांत मारतो. मुद्दाम कुणी करत नाही. मान वळली की झोत वळतो. समोरच्याला डोळ्यांपुढं हिरवट डाग दिसत राहतो आणि पुढची पायरी चुकते.

निघायच्या आधी एकदाच सगळ्यांना सांगा: हेडटॉर्च कपाळावर खाली झुकवायची, सगळ्यात मंदवर ठेवायची, बोलताना मान खाली किंवा हात काचेवर. गट लहान असेल आणि वाट ओळखीची, तर पुढच्याच्या आणि शेवटच्याच्या बॅटऱ्या पुरतात. दगडी वाटेवर १० ते ३० लुमेन बहुतेकांना पुष्कळ होतात. निसरडा उतार, सुटे दगड, कड्याची कड असली की विचार न करता वाढवा. नजर राखणं हे सुरक्षित चालण्यासाठी आहे, त्याच्या आड येण्यासाठी नाही.

पावसाळ्यात कासला किंवा महाबळेश्वरच्या बाजूला धुकं असलं की हेडटॉर्च उलटते. धुक्याचे थेंब उजेड परत फेकतात, आणि उजेडाचा उगम डोळ्यांच्या इतका जवळ असतो की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. फुल केली की भिंत आणखी दाट. ती काढून हातात घ्या, कमरेच्या खाली धरा, मंद करा. लगेच चार पावलं वाट उघडते.

चंद्राचा हिशोबही घालून निघावं. शुक्ल पक्षात संध्याकाळपासून चंद्र असतो. वद्य पक्षात तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, पण पहाटे मात्र तो आभाळात मिळतो. पहाटे चढणाऱ्यांना वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस त्यासाठी चांगले. झाडीत किंवा उंच उसात चांदणं खाली पोचत नाही हे मात्र धरून चला.

"सरळ बघितलं की नाहीसं होतं"

बांधावर काहीतरी काळं बसलंय असं वाटतं, तिकडं रोखून बघितलं की दिसत नाही, नजर बाजूला घेतली की पुन्हा दिसतं. घाबरण्यासारखं काही नाही. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच, त्या सगळ्यात दाट असतात ते बाजूला, साधारण १५ ते २० अंशांवर. म्हणून अंधारात वस्तूकडं थेट न बघता जरा बाजूला बघायचं आणि नजर हळूहळू फिरवत राहायचं. एका जागी रोखलेली नजर अंधारात लवकर फसते. बॅटरी न लावता पुष्कळ शंका अशाच मिटतात.

शिराळा, कराडकडं उसात बिबट्याची भीती खरी आहे, आणि ती शंका असेल तर बॅटरी लावाच, फुल लावा. डोळ्यांच्या उंचीवर धरून झोत सावकाश फिरवा, जनावराचे डोळे चमकतात. दोन-तीन सेकंदांचा झोत दोन-तीन मिनिटांच्या झोताइतकं नुकसान करत नाही. बघून झालं की परत मंदवर या. एक डोळा मिटून केलंत तर उत्तमच.

मोबाईल

अंधारात पूर्ण उजळलेला मोबाईलचा पडदा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. बॅटरी सांभाळून मोबाईल बघत राहिलात तर सगळं फुकट. पडदा सगळ्यात मंद करून ठेवा, काळी पार्श्वभूमी लावा, आणि घरून निघायच्या आधी लावा. मोबाईलची बॅटरी निळसर पांढरी आणि चाळीस-पन्नास लुमेनच्या घरात असते. काही फोनमध्ये ती मंद करता येते, एकदा शोधून ठेवा. घरून निघतानाही ट्यूबलाइटखालून थेट अंधारात येऊ नका, निघायच्या आधी दहा मिनिटं पडवीत मंद उजेडात थांबा.

सगळं करूनही दिसत नसेल तर

वय झालं की बाहुली तरुणपणाइतकी उघडत नाही, आतलं भिंग गढूळ होत जातं आणि डोळा अंधाराला सरावायला जास्त वेळ घेतो. मुलाला पाच लुमेन पुरतात म्हणून वडिलांनाही पुरतील असं नाही. त्यांना जास्त उजेड द्या, पण पसरट आणि पिवळसर. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर प्रखर झोत आणि समोरचे दिवे डोळ्यांत पसरतात, तिथं लुमेन वाढवून उलट कमीच दिसतं. चष्म्याच्या काचेवर चरे असतील किंवा लांबचा नंबर वाढला असेल तर ते दिवसा खपून जातं, रात्री नाही.

ज्याला पूर्वी रात्री चांगलं दिसायचं आणि आता चांदण्यातही अडखळायला होतं, त्यानं नवी बॅटरी घ्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जावं, मधुमेह असेल तर आणखी लवकर. लहान मूल दिवेलागणीला भिंतीला धडकत असेल, अंगणात खेळायला नको म्हणत असेल, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ती वेळेत कळली तर उपचारानं भरून निघते, दुर्लक्ष झालं तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, अंडी पोटात जात असली तरी तपासणी टाळू नका. आणि घरात कुणाला लहानपणापासून रातांधळेपणा असेल, बाजूचंही कमी दिसत असेल, तर ते अनुवंशिकही असू शकतं. अशा माणसाला रात्रीच्या पाण्याला एकट्याला पाठवू नका. पाळी बदलून घ्या किंवा सोबत द्या.